कपारीतलं पाणी

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

कड्याच्या पोटातल्या घरांबद्दल फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही पहिलंच विचारलंत, "तिथं पाणी कुठून आणायचे?" मला सांगता आलं नव्हतं. आता स्वतः बघून आलेय.

जागा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतली, मेसा व्हर्डे. खोल घळींनी चिरलेलं पठार. तिथल्या मूळनिवासी पुएब्लो लोकांचे पूर्वज आधी वर पठारावर राहत. ११९०च्या सुमारास त्यांनी कड्यांमधल्या कपारींत घरं बांधायला घेतली. त्यातलं लाँग हाउस मी आत जाऊन पाहिलं. एकाच कातळाच्या छताखाली दीडशेच्या आसपास खोल्या!

आणि आबा, पाणी घरातच आहे. पठारावरचा पाऊस, वितळलेलं बर्फ वालुकाश्मात मुरत खाली उतरतं. खाली शेलचा, म्हणजे चिकणमातीपासून झालेल्या खडकाचा घट्ट थर लागला की पाण्याला पुढे वाट नसते, मग ते आडवं सरकून कड्यातून पाझरतं. याच ओलीनं दगड झिजला, थंडीत पाणी गोठून त्याचे कपचे उडाले आणि कपार झाली. म्हणजे ज्या पाण्यानं तहान भागवली, त्यानंच घराला जागा करून दिली. कपारीच्या अगदी मागे कातळात त्यांनी छोटे खळगे कोरलेत, ठिबकणारं पाणी साठावं म्हणून. मी ते किती वेळ बघत राहिले.

मोठ्या वस्त्यांची तोंडं बहुतेक दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला. हिवाळ्यात कललेलं ऊन आत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की कड्याचीच सावली. मका, घेवडा, भोपळा पिकायचा तो वर पठारावर. कड्यात खोदलेल्या खोबणींत हातपाय रोवत शेतावर चढायचं. शत्रूच्या भीतीनं ते कपारीत आले, असंही म्हणतात. तसं असेलही. पण ओल आणि ऊन दोन्ही मिळेल अशी कपार हेरायला त्या डोंगराशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख लागते, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

१२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला. झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून तो कळतो. १३००पर्यंत सगळे दक्षिणेकडे निघून गेले. होपी, झुनी हे त्यांचेच वंशज, आणि ही जागा ते आजही आपल्या पूर्वजांची मानतात. तिथल्या भिंतींच्या दगडांमधल्या फटींत चिखल दाबणाऱ्या बोटांचे ठसे अजून दिसतात.

फोटो सोबत आहेत. खळग्यांचा सगळ्यात वर ठेवलाय.

तुमची नात