टोमॅटोला चव असते, नाना

एडिसन, न्यू जर्सी
24 ऑगस्ट 2025

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही तिघंही इथे खुशाल आहोत. नातीची शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. गणपतीची मूर्ती कालच आणून ठेवली, बुधवारी बसवायची. तुमचे गुडघे कसे आहेत ते भाऊ नीट सांगत नाही, ते तुम्हीच कळवा.

फोनवर सगळं बोलणं होतं, मग हे पत्र कशाला असं वाटेल. कारण आहे. जूनमध्ये मी माझ्या रोपांचं सांगत होते, तेव्हा नाना, तुम्ही म्हणालात, "टोमॅटोला कसली आलीये चव? चव मिठाची नि मिरचीची. टोमॅटो म्हणजे रंग आणि पाणी." तीस वर्षं टोमॅटो पिकवलेला, हजारो क्रेट नारायणगावच्या मार्केटला नेऊन उतरवलेला माणूस असं म्हणतो, हे माझ्या डोक्यातून जाईना. तुमचं बोलणं तुमच्या मालाबद्दल खरं आहे. पण टोमॅटोबद्दल ते खरं नाही. ते फोनवर पटवता येईना, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी वाफ्यातून एक फळ तोडलं. अजून उन्हाने कोमट होतं. जाडजूड फोडी केल्या, वर मीठ टाकलं आणि कालच्या बाजरीच्या भाकरीबरोबर उभ्या उभ्याच खाल्लं. आधी गोड लागलं, मग जिभेच्या कडांना आंबट, आणि शेवटी कैरीच्या देठाजवळ येतो तसला हिरवा, उग्र वास. ताटलीत जो रस उरला तो मी पिऊन टाकला. आणि मला आपल्या उकिरड्याकडेचा बांध आठवला. तिथे आपोआप उगवलेली दोन-तीन झाडं असायची, आजी ती कुणाला उपटू द्यायची नाही. लिंबाएवढी फळं, पातळ साल, हात लावला की फुटायची. पाणी कुणी घालत नव्हतं. आजीच्या चटणीला जी चव यायची ती त्या झाडांची होती. आम्ही मात्र ती आजीच्या हाताची समजत होतो.

नाना, तुम्ही जे लावता ते लावण्यावाचून तुम्हाला इलाज नाही, हे मला कळतं. माल दिल्लीला, कोलकात्याला जायचा. वीस किलोच्या क्रेटमध्ये खालच्या थराने वरच्या थराचं ओझं तीन दिवस सोसायचं. म्हणून व्यापाऱ्याला साल जाड हवी, फळ घट्ट आणि एकसारखं लाल हवं. चवीचे पैसे कुणीच देत नाही. 2023 च्या जुलैत क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला तेव्हाही फळाची चव कुणी बघितली नव्हती. त्यामुळे बियाणं तयार करणाऱ्यांनीही चाळीस-पन्नास वर्षं उत्पन्न, टिकाऊपणा आणि रोगाशी झुंजणं एवढंच बघितलं. चव कुणी मुद्दाम घालवली नाही, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून ती गेली.

यातली एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. कच्च्या फळाच्या देठाजवळ गडद हिरवा खांदा असतो ना, जो पिकतानाही उशिरापर्यंत हिरवा राहतो आणि व्यापारी नाक मुरडतो? जगभरच्या पैदासकारांनी तो खांदा नसलेली, सगळीकडून सारखी रंगणारी झाडं निवडत नेली. 2012 साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की खांदा हिरवा करणारं जनुक फळातलं हरितद्रव्य वाढवतं, आणि त्यामुळे फळ स्वतःसुद्धा थोडी साखर तयार करतं. एकसारख्या रंगासाठी ते जनुक मोडलं आणि त्याबरोबर थोडा गोडवाही गेला. तुम्ही लहानपणी बघितलेली हिरव्या खांद्याची फळं आठवून बघा.

माझ्या वाफ्यातलं आजचं फळ 'रटगर्स' जातीचं. त्याच नावाचं विद्यापीठ आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जशी आपल्यासाठी वाणं काढली, तशी यांनी 1934 साली कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीबरोबर ही जात काढली. तेव्हा न्यू जर्सीचा टोमॅटो सूप आणि रसासाठी जायचा, लांबच्या प्रवासाचा प्रश्न नव्हता, म्हणून रंग, रस आणि चव बघून निवड झाली. पुढे इथेही घट्ट फळं आली आणि ही जात मागे पडली. विद्यापीठाला 250 वर्षं झाली तेव्हा, 2016 मध्ये, जुन्याच आईबापांकडे जाऊन त्यांनी ती पुन्हा तयार केली. तिचं नाव 'रटगर्स 250'. सारासाठी याच्यासारखं फळ नाही. 'चेरोकी पर्पल' म्हणून दुसरी एक जात लावली आहे, जांभूळसर मातकट रंगाची. ती नुसती खायला अप्रतिम, पण सारात आंबटपणा कमी पडतो. आणि नातीसाठी 'सनगोल्ड', बोराएवढी नारिंगी फळं. ती घरात येतच नाहीत, झाडावरच संपतात.

पहिल्या वर्षी माझ्याकडून जे झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल की हे वाचून लिहिलेलं नाही. एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं, मी रोपं बाहेर लावली आणि एका रात्रीच्या हिमात सगळी काळी पडली. इथे मेच्या मध्यापर्यंत थांबावंच लागतं. पुन्हा रोपं आणली आणि शेणखतावर नत्राचं खत भरपूर घातलं. झाडं माझ्या खांद्याला लागली, पानं तळहाताएवढी, आणि फळं मोजकी. शिवाय रोज संध्याकाळी नळी धरून पाणी. जी फळं आली ती बाजारातल्यासारखीच, पाणचट. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं होतं.

तेव्हा तुमचाच शब्द कामाला आला, वाफसा. तुम्ही रानात जाऊन मूठभर माती दाबून बघायचात, मुटका वळतो की सुटतो. मी इथे बोटभर खोल उकरून तसंच बघू लागले. आता पाच-सहा दिवसांनी एकदाच पाणी, पण खोलवर. मुळाशी वाळक्या गवताचा चार बोटं थर, म्हणजे ओल एकदम जात नाही. आणि पहिल्या घोसाला रंग चढायला लागला की पाणी हळूहळू निम्म्यावर आणायचं. पान दुपारी जरासं मलूल झालं तरी घाबरायचं नाही. संध्याकाळी ते सावरलं तर झाड ठीक आहे. फळात शेवटच्या पंधरवड्यात जेवढं कमी पाणी शिरेल तेवढी साखर आणि आंबटपणा दाट राहतो. मात्र पाणी एकदम तोडायचं नाही. आठ दिवस कोरडं आणि मग धो-धो पाणी असं झालं की फळ तडकतं. आणि ओल सारखी कमीजास्त होत राहिली की झाडात चुनखडीचा अंश फळापर्यंत पोचत नाही, मग बुडाला काळा चट्टा पडतो. यंदा जुलैत मोठा पाऊस येणार असं कळलं की मी रंगावर आलेली फळं आदल्या संध्याकाळीच तोडून आणत होते. पावसानंतर दोन दिवसांनी तोडलेल्या फळाची चव पातळ लागते, हे दोन्ही खाऊन बघितलंय.

फळ झाडावरच पूर्ण पिकायला हवं, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि इथे तुमची तोडणी बरोबर ठरते. फळावर गुलाबी झाक आली की मग घरात टोपलीत पिकवलं तरी चव जवळजवळ तीच येते. पार हिरवं तोडून, कोठारात वायू सोडून लाल केलेल्या फळाला मात्र काही केल्या चव येत नाही. इथल्या दुकानात हिवाळ्यात तसलीच मिळतात.

पानांबद्दल एक. तुम्ही बगलफूट काढता, तारेवर बांधता, ते मीही करते, आणि करपा रोग येऊ नये म्हणून जमिनीलगतची पानं काढते. पण वरची पानं काढून फळ उघडं करायचा मोह आवरते. साखर पानातच तयार होते. एकेका झाडावर फळांचा फार भार आला तर तीच साखर जास्त जणांत वाटली जाते, हेही बेचव मालाचं एक कारण आहे. तुम्हाला भार हवा, मला नको, एवढाच आपल्या दोघांच्या शेतीतला फरक. जागेचंही महत्त्व आहे. पहिल्या वर्षीचा वाफा मेपलच्या सावलीत होता. आता दक्षिणेच्या भिंतीकडे आठ तास ऊन मिळतं. हरणांसाठी उंच जाळी लावावी लागली, तेवढाच मोठा खर्च.

आई, आता तुझ्यासाठी. भावाने आणलेल्या मोठ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तू टोमॅटो भरून ठेवतेस, ते कृपा करून थांबव. मी एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली चार फळं घेतली. दोन फ्रीजमध्ये ठेवली, दोन ओट्यावर. पाच दिवसांनी डोळे मिटून दोघांना खायला दिली. बापलेकीने दोघांनीही ओट्यावरचं बरोबर ओळखलं. नात म्हणाली, "याला वास आहे." तिने नेमकं सांगितलं. 2016 मध्ये फ्लोरिडाच्या विद्यापीठातल्या लोकांनी हेच दाखवलं की 12 अंशांखालच्या थंडीत फळातली वास तयार करणारी यंत्रणा मंदावते आणि पुन्हा बाहेर ठेवलं तरी पूर्ण सावरत नाही. साखर, आंबटपणा फारसा बदलत नाही, जातो तो वास. आणि टोमॅटोची अर्धी चव नाकातच असते. दुसरं म्हणजे कोशिंबिरीत पाणी सुटतं म्हणून बियांभोवतीचा गर काढून टाकू नकोस. आंबटपणा आणि तो सारातला भरीव स्वाद सगळ्यात जास्त त्याच गरात असतो. शेंगदाण्याचा कूट थोडा जास्त घाल, पाणी तो पिऊन घेईल.

आता मूळ मागणं. आम्ही 3 जानेवारीला येतोय, हे भावाने सांगितलं असेलच. नाना, गणपती उठले की परसात सहा झाडांपुरतं रोप टाका. महिन्याभरात लावणीला येईल, पाऊस सरलेला असेल. डिसेंबरात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, यापेक्षा चांगलं हवामान टोमॅटोला मिळणार नाही. संकरित बी नको. पुसा रूबी मिळालं तर तेच बघा, किंवा राहुरीच्या भाग्यश्री, धनश्रीपैकी काहीतरी. सरळ वाण असलं की पुढच्या वर्षीचं बी घरचंच होईल. पिकलेल्या फळाचा गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन सावलीत वाळवायचं. इथून मी बी पाठवू शकत नाही, त्याला आरोग्याचे दाखले लागतात. आणि बांधावरची आजीची झाडं कुठे अजून उगवत असतील, तर सगळ्यात आधी त्यांचं बी धरा. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणाच्या तरी परसात असेल.

रानातल्या मालावर तुम्ही जी फवारणी करता ती या सहा झाडांवर नको. निंबोळी अर्क पुरे. खड्ड्यात कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, रोप खोडाच्या निम्म्यापर्यंत मातीत, म्हणजे खोडालाही मुळ्या फुटतील. हे मी तुम्हाला काय सांगावं, पण लिहिलं. युरिया मात्र अजिबात नाही. ठिबकची नळी तिकडे वळवू नका. पाणी आईने तांब्याने घालावं आणि डिसेंबर लागला की कमी करावं.

वहिनीला म्हणावं, हडपसरच्या गच्चीत वीस लिटरच्या रंगाच्या डब्यात एकच झाड लाव, एका डब्यात दोन नको.

आल्यावर पहिलं फळ नाना तोडतील. आई, तू बाजरीची भाकरी कर, ताटात मीठ वाढ आणि बाकी काही करू नकोस, मिरचीसुद्धा नको. मग नानांनी सांगायचं.

नातीचा आणि जावईबापूंचा नमस्कार. भावाच्या मुलांना आशीर्वाद.

तुमची लाडकी,
ताई

ता.क. गुडघ्याचं कळवायला विसरू नका. आणि रोपासाठी वाफ्यावर स्वतः वाकू नका, भावाला सांगा.