आघाडी घेऊन हरणारे आपण

खडकी, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझे चिरंजीव स्टिक खांद्यावर टाकून समोर आले आणि थेट विचारलं, "आजोबा, धनराज भारी की हरमनप्रीत?" मागून तुझा 'आधी बूट काढ, घरभर वाळू झाली' असा ओरडा चालू होता. तेवढ्यात तुझ्या आईने फोन ओढून घेतला आणि विषय लाडवांवर गेला. हॉकीत आपला जुना धनराज पिल्ले भारी की आताच्या संघातला हरमनप्रीत, हा प्रश्न मात्र दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. आधी तू वाच, मग त्याला समजेल तेवढं सांग.

त्यातून गेल्या शुक्रवारी भारतीय हॉकीला शंभर वर्षं झाली. ७ नोव्हेंबर १९२५ ला ग्वाल्हेरमध्ये फेडरेशन स्थापन झालं होतं. देशभर कार्यक्रम झाले, जुन्या खेळाडूंचे सत्कार झाले. आणि त्याच्या आठवडाभर आधी मॅन्युएल फ्रेडरिक गेला. १९७२ ला म्युनिकमध्ये ब्राँझ जिंकलेल्या संघाचा गोली. केरळचा पहिला ऑलिंपिक पदकविजेता तो, आणि दुसरा आपला श्रीजेश, तोही गोलीच. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पेपरात मॅन्युएलची बातमी किती बोटांची होती ते सांगत नाही, तुला उगाच राग यायचा.

पुढच्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड कप तुमच्या दारात येतोय. बेल्जियममधलं वाव्र आणि नेदरलँड्समधलं तुमचं अ‍ॅमस्टलफेन. रविवारी ज्या जंगलात तुम्ही सायकली घेऊन जाता, त्याच्याच कडेचं ते वागेनेर स्टेडियम. त्या मैदानाचा आणि आपला हिशोब जुना आहे, आणि तो फारसा आपल्या बाजूने नाही.

१९७३ चा वर्ल्ड कप तिथेच झाला. मी शाळेत होतो. फायनल भारत विरुद्ध नेदरलँड्स. सुरुवातीलाच सुरजितसिंगने दोन गोल ठोकले, २-०. झालं, वर्ल्ड कप आलाच घरी असं वाटायला लागलं. त्यांनी दोन्ही फेडले. जादा वेळात आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, म्हणजे समोर फक्त गोली, आणि तो गोविंदाकडून हुकला. शेवटी स्ट्रोक्सवर हरलो. गोविंदा त्या काळातला आपला सर्वांत चपळ फॉरवर्ड, पण लोकांनी आयुष्यभर त्याच्या नावापुढे तो एक स्ट्रोकच लावला. दोन वर्षांनी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून वर्ल्ड कप आणला, ध्यानचंदच्या मुलाने, अशोककुमारने, निर्णायक गोल मारला. तो आपला एकमेव. त्या रात्री आमच्या चाळीत रेडिओभोवती कोण कोण जमलं होतं ते आजही नावानिशी सांगू शकतो.

तीस वर्षांनी त्याच वागेनेरवर पुन्हा तेच. २००३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. धनराज त्या संघात होता, जोडीला गगन अजितसिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत. अशी आघाडीची फळी मी तरी नंतर पाहिली नाही. यजमानांविरुद्ध ३-० पुढे होतो आणि ४-३ ने हरलो. पाकिस्तानला ७-४ ने धुतलं, आणि काही दिवसांत त्याच पाकिस्तानकडून ब्राँझच्या सामन्यात ४-३ ने मार खाल्ला. आकडे नीट बघ. तीन सामन्यांत तेरा गोल मारणारा संघ रिकाम्या हाताने घरी आला.

आता धनराजकडे येतो. आपल्या खडकीचा पोरगा. दारूगोळा कारखान्याची वसाहत, मोडक्या स्टिका दोरी गुंडाळून वापरायच्या, क्लबवाल्यांनी टाकलेले बॉल शोधून आणायचे, हे त्याने स्वतः कितीदा सांगितलंय. तू त्याला टीव्हीवर पाहिलास तो उतरणीला लागलेला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड. पण आकड्यांतून तो दिसत नाही. बॉल मिळाला की तो कमरेत असा वाकायचा की स्टिकचं टोक जमिनीला खिळल्यासारखं राहायचं. केस मागे उडताहेत, आणि बॉल स्टिकच्या उजवीकडून डावीकडे इतक्या लवकर जायचा की समोरचा हाफबॅक एका बाजूला पाय टाकून मोकळा झालेला असायचा. दोघे सुटले, तिसरा आला, धनराज 'डी'त, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरला, आता पास. मान वर करून बघतो तर आपलं कुणी नाही! सगळे पन्नास यार्ड मागे, उभे राहून त्याचाच खेळ बघताहेत. आम्ही घरात ओरडायचो, 'एकटाच घुसतो, पास देत नाही.' पास द्यायचा कुणाला? धनराजवर स्वार्थीपणाचा शिक्का मारणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

१९९८ ला बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण मिळालं, फायनलला कोरियाविरुद्ध आशिष बल्लाळने स्ट्रोक अडवले. आणि पुढच्याच दौऱ्याला धनराजसकट बरेच अनुभवी खेळाडू घरी बसवले गेले. दोन वर्षांनी सिडनी. पोलंडविरुद्ध १-० पुढे, नुसतं टिकवायचं होतं की सेमीफायनल. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी गोल केला. तुझी आई म्हणाली, 'टीव्ही बंद करा आणि जेवायला या.' मी जेवलो नाही, एवढंच आठवतं.

आमच्या पिढीतले लोक सगळं टर्फवर ढकलतात. १९७६ ला माँट्रियलला नकली गवत आलं आणि आपण सातवे आलो, म्हणजे गोऱ्यांनी मुद्दाम आपला खेळ मारला, हे कट्ट्यावरचं आवडतं मत. अर्ध खरं आहे. टर्फवर बॉल उसळत नाही, मनगटाची कलाकुसर कमी पडते, धावण्याचा दम जास्त लागतो. पण मग टर्फ आल्यावरही आपली पोरं वर्षानुवर्षं मुरमाच्या मैदानावरच शिकत राहिली, याला गोरे काय करणार? १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण घेतलंच आपण, मोहम्मद शाहिदसारखा जादूगार होता, मुंबईचे मर्विन फर्नांडिस आणि सोमय्या होते. पण पाकिस्तान, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कुणीच आलं नव्हतं तिथे. दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्ये पाकिस्तानने १-७ केलं तेव्हा हिशोब चुकता झाला. त्यात एकट्या मीररंजन नेगीला लोकांनी देशद्रोही ठरवलं. सात गोल एकटा गोली खातो का गं?

मग २००८. बीजिंगला पात्रच ठरलो नाही, आणि १९२८ पासूनची परंपरा तुटली. २०१२ लंडन, बारा संघांत बारावे. हे वर्ष मात्र पोराला नक्की सांग, कारण त्या बाराव्या आलेल्या संघात श्रीजेश होता आणि वीस वर्षांचा मनप्रीतही होता. आताची गोष्ट तिथून सुरू होते.

टोकियोत ऑस्ट्रेलियाने साखळीत १-७ केलं. आकडा ओळखीचा वाटला ना? आमच्या वेळचा संघ असता तर तिथेच गळपटला असता, कोच बदलला असता, दोन-चार जणांवर खापर फुटलं असतं. हे सावरले. ब्राँझच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ मागे पडले, ५-४ पुढे गेले, आणि अगदी शेवटच्या सेकंदांना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे 'डी'वरून गोलवर मारायची आयती संधी, मिळाली. श्रीजेशने बॉल अडवला. एक्केचाळीस वर्षांनी पदक. मी त्या दिवशी आईच्या देवघरासमोर हात जोडून उभा होतो, हे तिने तुला सांगितलंच असेल.

पण माझ्या मते खरी मॅच पॅरिसची, ब्रिटनविरुद्धची क्वार्टरफायनल. ४ ऑगस्ट २०२४. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेला सगळा वेळ, चाळीस मिनिटांच्या वर, दहा जण. हरमनप्रीतने गोल केला, त्यांनी बरोबरी केली, आणि मग नुसते हल्ले.

रोहिदास म्हणजे आपला फर्स्ट रशर. पोराच्या क्लबातले मोठे खेळाडू पेनल्टी कॉर्नर घेतात तेव्हा बघ. गोलरेषेमागे गोली आणि चार जण. बॉल आत सुटला की त्यातला एक तोंडावर मास्क लावून सरळ बॉल मारणाऱ्या फ्लिकरच्या अंगावर पळत सुटतो. समोरून येणारा बॉल मोटारसायकलच्या वेगाहून जास्त, आणि याचं काम म्हणजे त्याच्या वाटेत जायचं. गुडघ्यावर घेतलास तर शाबास. धनराजच्या काळात या कामासाठी टाळ्या नसायच्या, आता कुठे वाजतात. तर तो माणूसच बाहेर, आणि ब्रिटनचे कॉर्नरवर कॉर्नर. हार्दिक, मनप्रीत, जर्मनप्रीत, सगळे आपापल्या जागा सोडून दुसऱ्याच्या जागा बुजवत होते. मनप्रीत मिडफिल्डचा, तो मागे जाऊन बचाव करत होता. ललित आणि सुखजीत फॉरवर्ड असून आपल्या 'डी'पर्यंत पळत येत होते. सुंदर खेळ म्हणता येईल असं त्यात फार काही नव्हतं, आणि मी खुर्चीच्या टोकावरून हललो नाही. १-१ सुटली, शूटआऊटमध्ये चौघांनी चारही मारले, ४-२.

धनराजच्या संघाकडे होतं त्याहून जास्त कौशल्य या पोरांकडे आहे असं मी म्हणणार नाही. नाहीच आहे. पण १९७३ ला वागेनेरवर २-० टिकवायला, २००३ ला ३-० टिकवायला, सिडनीत शेवटची दोन मिनिटं काढायला जे लागत होतं, ते यांच्याकडे आहे. गगन, दीपक आणि धनराजच्या मागे ही दहा माणसं उभी असती तर? हा विचार मी झोप न येणाऱ्या रात्री करतो. (आई म्हणते, त्यापेक्षा रामरक्षा म्हणा.)

तक्रारही आहे. हरमनप्रीतचा ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढत नेऊन मारलेला फटका, ही आपल्या संघाची सवयच झालीय. पॅरिसला दहा गोल त्याचे, ब्राँझच्या सामन्यात स्पेनविरुद्ध २-१ झालं ते दोन्हीही त्याचेच. कॉर्नर मिळाला नाही की आपलं घोडं पेंड खातं. 'डी'त शिरून, माणूस चुकवून मारलेला गोल बघायला डोळे आसुसतात. राजगीरच्या आशिया कपात सप्टेंबरमध्ये कोरियाला फायनलला ४-१ हरवलं तेव्हा दिलप्रीतने दोन मारले, जरा बरं वाटलं. त्या विजयाने पुरुषांची वर्ल्ड कपची जागा पक्की झाली. मुलींना अजून पात्रता फेरी खेळायचीय. आपल्या सातारा जिल्ह्यातली वैष्णवी फाळके आहे त्यांच्यात, तिच्यासाठी तरी त्या याव्यात.

आणि पोराला धनराजसारखं कुणी हवंच असेल तर हार्दिकसिंगकडे बघायला सांग. मिडफिल्डमधून बॉल घेऊन सुटला की तीच ओढ दिसते, फरक इतकाच की तो मान वर करतो तेव्हा बाजूला कुणीतरी पोचलेलं असतं. मनप्रीतकडेही बघू दे, बॉल त्याच्याजवळ नसताना. ते जास्त शिकवण्यासारखं आहे.

'भारी कोण' याचं माझं उत्तर: बॉल द्यायचा झाला तर धनराजला, आणि शेवटची पाच मिनिटं काढायची झाली तर आताच्या पोरांना. त्याला ही पळवाट वाटेल. वाटू दे.

तिकिटं सुटली की लगेच घे, रेंगाळू नकोस. गोलच्या मागची घेऊ नकोस, तिथून फक्त एक 'डी' दिसतो. बाजूच्या स्टँडमध्ये, जमेल तेवढं वर. तीन घे. व्हिसाचं मी इथे बघतो, गुडघ्याचं डॉक्टर बघतील. आई यायला नाही म्हणते, पण तिला विमानातल्या जेवणाबद्दल सारखं विचारावंसं वाटतंय, तेव्हा चारच घे.

आणि वेळ मिळाला तर अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमकडे चक्कर टाकू. १९२८ ला आपलं पहिलं सुवर्ण तिथे आलं, फायनलला नेदरलँड्सला ३-० हरवून. पाच सामने, एकोणतीस गोल, त्यातले चौदा ध्यानचंदचे, आणि आपल्यावर एकही नाही. रिचर्ड अ‍ॅलन नावाचा गोली होता. मॅन्युएल आणि श्रीजेशच्या आधीचा.

लाडवांचा डबा कुरिअरने निघालाय. कस्टमवाल्यांनी काही विचारलं तर कळव.

तुझे,
बाबा