उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र : नऊ मिनिटांची फिल्म आणि पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट महाविद्यालयात दाखवण्याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन तासावर, आणि ते कधी जमा होईल हे देवालाही सांगता येणार नाही. पण आजचं पत्र त्याबद्दल नाही. त्याची निवेदनं आपल्या कार्यालयात गठ्ठ्याने पडलेली असतील.

शेवटच्या सत्रात आमच्याकडे प्रत्येक गटाला आठ-दहा मिनिटांचा लघुपट करावा लागतो. विभागाचा कॅमेरा एकच, बाकी सगळं मोबाईलवर. विषय मुलांनी निवडायचा, पण वर्षानुवर्षं तेच तीन : व्यसनमुक्ती, पाणी वाचवा, मोबाईलचं वेड. दर वर्षी कुणीतरी काळा चहा पिऊन दारुड्यासारखा पडतो, आई रडते, शेवटी पाटी येते. या फिल्म बघून कुणी तंबाखू सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बनवणाऱ्यांनीही सोडलेली नाही.

या वर्षी दोन मुली आल्या. "सर, आम्हाला आरक्षणावर करायचीय." एक मराठा, दुसरी वंजारी. शहरात एकाच भाड्याच्या खोलीत राहतात, एकाच कुकरमध्ये भात लावतात. मी दोन दिवस थांबायला सांगितलं. खरं सांगतो, मलाच भीती वाटली.

भीतीचं कारण आपल्याला माहीत आहे. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी बसलेल्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. मग २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा जीआर आला, निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी, म्हणजे ओबीसी, दाखला देण्याबद्दलचा. एका बाजूला गुलाल उधळला, दुसऱ्या बाजूला आपलं ताट ओढलं जातंय ही भावना घट्ट झाली. आमच्या वर्गात बाक बदलले गेले. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण चार वर्षं एकत्र डबा खाणारी पोरं वेगळ्या खिडक्यांशी बसायला लागली.

मुलींनी भाषणं, मोर्चे, झेंडे असलं काही घेतलंच नाही. त्यांनी शोधून काढले एक निवृत्त उर्दू शिक्षक. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हापासून मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचता येणाऱ्यांचे दिवस फिरले, हे आपण जाणता. राज्यभरात सापडलेल्या नोंदी ५० लाखांहून अधिक. पण त्यातली एकेक नोंद कुणीतरी डोळे फोडून वाचलेली असते. या मास्तरांकडे लोक निजामकाळातल्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन येतात. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय ते सांगा, म्हणतात. येताना पेढ्यांचा डबा आणतात. नोंद निघाली तर तिथेच वाटायचा. नाही निघाली तर डबा परत कसा न्यायचा म्हणून तो टेबलावरच राहतो. मास्तरांना शुगर आहे. पेढे नातवंडं खातात. फिल्ममध्ये या डब्यांवर एक लांब शॉट आहे, त्यात कुणी बोलत नाही.

दुसरं पात्र एक शिंपीकाका. ते कॅमेऱ्यापुढे म्हणतात, "आमच्या पोरांच्या ताटातलं घेऊ नका, तुमचं वेगळं वाढून घ्या." मग सुईत दोरा ओवतात, आणि थोड्या वेळाने म्हणतात, "पण पाटलाच्या पोराकडं तरी काय राहिलंय, दीड एकर."

महोदय, आता जे सांगतो त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे. एडिटिंगला बसल्यावर एकीला काकांचं पहिलं वाक्य नको होतं, दुसरीला दुसरं. भांडण इतकं झालं की त्या रात्री कुकर लागला नाही. मी मध्ये पडलो नाही. दोघींनी ती क्लिप शंभर वेळा तरी ऐकली असेल, कारण एडिटिंगमध्ये दुसरा इलाजच नसतो. समोरच्याचं वाक्य कुठे तोडायचं हे ठरवायला ते पूर्ण ऐकावं लागतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही वाक्यं राहिली. मधला सुईदोऱ्याचा वेळही राहिला, तो ठेवायचा हट्ट मराठा मुलीचा होता. आपल्या मताच्या विरुद्ध माणसाचं बोलणं एवढं नीट ऐकणारी दुसरी जागा मला या जिल्ह्यात दाखवा. ग्रामसभा नाही, पारावरच्या गप्पा नाहीत, रील्स तर नाहीतच.

परीक्षकांनी फिल्मला चांगले गुण दिले. मग वार्षिक कार्यक्रमात सगळ्या फिल्म दाखवायचं ठरलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संस्थेत कुणाचा तरी फोन आला. कुणाचा ते मला सांगण्यात आलं नाही. मला एवढंच कळलं की विषय संवेदनशील आहे, पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला आणा, नाहीतर ही फिल्म यादीतून काढा. ठाण्यात गेलो तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "कॉलेजच्या आतल्या कार्यक्रमाला आमची परवानगी कशाला?" त्यांचं बरोबर होतं. तसं लिहून मात्र त्यांनी दिलं नाही. व्यसनमुक्तीच्या तीन फिल्म दाखवल्या गेल्या. टाळ्याही पडल्या.

मला संस्थेवर राग काढायचा नाही. प्राचार्यांच्या जागी मी असतो तर छातीठोकपणे उभा राहिलो असतो असं म्हणवत नाही. त्यांच्या हातात दाखवायला शासनाचा एक कागद नाही, ही खरी अडचण आहे.

आरक्षणाच्याच विषयावरचा एक निकाल आपल्या माहितीसाठी. आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. राज्य सरकारचं म्हणणं, लोक भडकतील. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात, ते मान्य केलं नाही. निदर्शनांची, हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, शांतता राखणं हे राज्याचं काम आहे, धोका दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. त्या चित्रपटाची भूमिका मला स्वतःला मुळीच पटत नाही. निकाल मात्र पटतो. सुईत दोरा ओवणारे काका कुठल्या कोठारातली ठिणगी आहेत, हे कुणी मला समजावून सांगावं.

आपल्याकडे मागणं छोटं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, म्हणजे मुलांनी गावात जावं ही शासनाचीच इच्छा. मग एक पानी परिपत्रक काढा : अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले लघुपट संस्थेच्या आवारात विद्यार्थी, पालक आणि फिल्ममधल्या माणसांना दाखवण्यासाठी बाहेरच्या कुणाच्या दाखल्याची अट घालू नये. विषयाची निवड विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक करतील. धमकी आली तर कार्यक्रम रद्द न करता बंदोबस्त मागावा. आमच्यावरची जबाबदारीही त्यात जरूर लिहा. ज्यांना चित्रित केलं त्यांची लेखी संमती आम्ही घेतोच, कुणाचा जातीवाचक अपमान होत असेल तर तो भाग आम्हीच काढतो. बातमीचं कात्रण हातात घेऊन चौकशी करणारी समिती मात्र नेमू नका. तिचा अहवाल येईपर्यंत या मुली नोकरीला लागलेल्या असतील, किंवा नसतील.

पुढच्या वर्षीचे विषय मुलांनी याच आठवड्यात द्यायचे आहेत. आतापर्यंत आलेल्या सात चिठ्ठ्यांपैकी पाचांवर "पाणी वाचवा" आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक अध्यापक

ता. क. : मास्तरांना फिल्म दाखवायचं मुलींनी कबूल केलं होतं. कार्यक्रम हुकला, म्हणून त्या रविवारी त्यांच्या घरी गेल्या आणि मोबाईलवर दाखवून आल्या. पाहून झाल्यावर ते म्हणाले, चष्मा फार चमकतोय, आधी सांगितलं असतं तर काढून बसलो असतो. मग मुलींपुढे त्यांनी पेढ्यांचा डबा ठेवला.