जाड अक्षराचं पुस्तक

नागपूर,
दसऱ्यानंतरचा चौथा दिवस

प्रिय सुहास,

तुझं पत्र आल्यापासून मन लागत नाही. शिकलेल्या माणसाने धर्म उंबऱ्याच्या आत ठेवावा, राजकारणात अन् विचारात त्याचं काय काम, असं तू लिहिलंस. सीताबर्डीवर तर्री-पोहे खाताना आपण दोघंही हेच म्हणायचो. मला आता ते पटत नाही.

बाबा गेले तेव्हा मी तेरावं करू दिलं नाही. माझा विश्वास नाही, मी करणार नाही, असं आईला स्पष्ट सांगितलं. तिने वाद घातला नाही. तेराव्या दिवशी पहाटे उठून तिने बाबांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, ताट वाढलं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. मी तिच्याजवळचं काढून घेतलं होतं, अन् त्या जागी द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते ताट मला अजून दिसतं.

यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो. इतकी वर्षं इथे राहून पहिल्यांदा, याची खंत वाटते. स्तूपापर्यंत पोचलोच नाही, गर्दी फार होती. सगळा वेळ पुस्तकांच्या दुकानांवर गेला. एका ताडपत्रीपाशी धोतरातले एक आजोबा उकिडवे बसले होते. "जाड अक्षराचं हाये का, भाऊ? रातच्याला दिसत नाही मले." दुकानदाराने तीन पुस्तकं काढून दिली. आजोबांनी प्रत्येक पुस्तक हातभर लांब धरून एकेक ओळ मोठ्याने वाचून पाहिली, एक पसंत केलं, बंडीच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून दिल्या आणि ते पुस्तक भाकरीच्या फडक्यात बांधून घेतलं.

हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं ते १९३५ साली. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षं वाचन, चिकित्सा, शोध. भिक्खू चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर समोरच्या लाखोंना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं की धर्म गरिबाला लागतो, तो आशेवर जगतो. कोलंबियात आणि लंडनला शिकलेला, घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राहिलेला माणूस हे म्हणतो, सुहास! जुनं सोडायला लावलं, पण लोकांना रिकाम्या हाताने घरी पाठवलं नाही. मी आईला तसंच रिकाम्या हाताने उभं केलं होतं.

राजकारणाचं म्हणशील तर आपल्या गावात ते टाळता येतच नाही. संघाची स्थापना इथेच, १९२५ च्या दसऱ्याला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबा गेले, अन् ताजबागेतल्या त्यांच्या दर्ग्यात आजही हिंदू-मुसलमान दोघंही डोकं टेकवतात. दीक्षेसाठी नागपूरच का, असं विचारलं गेलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा संघाशी संबंध जोडू दिला नाही. बुद्धाचा धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, म्हणून नागपूर, असं त्यांनी सांगितलं.

तू घटनेचा दाखला देतोस, तर पंचविसावं कलम पुन्हा वाच. धर्मस्वातंत्र्य त्यात आहेच, पण हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी धर्माला चव्हाट्यावर उभं करून जाब विचारला. आपण जाब विचारणं सोडलं, धर्मावर बोलणंच मागासलेपणाचं मानलं. जागा मोकळी झाली आणि मतं मागणारे तिथे ठाण मांडून बसले. त्यांचा मला संताप येतो, पण जागा आपणच सोडली हे कसं विसरू?

त्या दिवशी मीही आईसाठी जाड अक्षराचं पुस्तक आणलं, बुद्धाच्या गोष्टींचं. ती रोज रात्री वाचते. काल किसा गोतमीशी आली. मेलेलं लेकरू जिवंत करा म्हणून ती आली, तेव्हा ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं बुद्धाने सांगितलं, ती गोष्ट. वाचून तिने चष्मा काढला अन् मला विचारलं, "मोहरी मिळाली नाही, ते समजलं. पण मग त्या लेकराला तिने निरोप कसा दिला असेल रे?"

मला उत्तर देता आलं नाही. तू इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवतोस. हिवाळ्यात संत्री सुरू झाली की ये, आणि तिच्याशी बोल.

तुझा,
वसंता