बायॉप्सीचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये पडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोगनिदानासाठी शरीरातून काढलेल्या तुकड्याच्या (बायॉप्सीच्या) काचेवरच्या स्लाइड आता संगणक वाचणार, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. पंचवीसहून अधिक वर्षं असे तुकडे तपासणाऱ्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कापण्यातच नोकरी सरली. लेखात स्लाइडचं चित्र टिपणाऱ्या स्कॅनरपासून पुढचं सगळं आलं आहे. स्कॅनरच्या आधीचं राहून गेलं, आणि आमच्याकडे घोडं तिथंच पेंड खातं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या साडूच्या गालाला आतून चट्टा आला. तीस वर्षांचा खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. तोंडात दोन बोटंही सरळ जात नव्हती. एका रुग्णालयात तुकडा काढला. तुकडा नासू न देणारं फॉर्मलिन तिथं संपलं होतं, म्हणून तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत सलाइनमध्ये टाकला आणि बाटली त्यांच्याच हातात दिली. वर चिकटपट्टी, त्यावर पेनानं नाव. मे महिना होता. शर्टाच्या खिशात ती बाटली घेऊन साडू एसटीनं घरी आले, दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवली. आठवड्यानं कागद आला : तुकडा खराब झाला आहे, बायॉप्सी पुन्हा पाठवावी. साडू मला म्हणाले, "पयले कापलं त्याचं काय झालं मंग? आता पुन्हा काहून कापा लागते?" मला उत्तर ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून सांगवेना. पुढे पेरणी आली, जुलै उजाडला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मानेतली गाठ हाताला लागत होती.

तुकडा शरीरातून निघाला की पेशींतली विकरं (एन्झाइम) पेशींनाच खाऊ लागतात. फॉर्मलिन ते थांबवतं, सलाइनला ते जमत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर हा नास फार झपाट्यानं होतो. पेशीच्या गाभ्याची, म्हणजे केंद्रकाची, कड पुसट होते, रंग नीट धरत नाही. कर्करोग ओळखताना डॉक्टर पाहतात ते त्या केंद्रकाचा आकार, त्याची कड आणि रंगाचा गडदपणा. संगणकासमोरही तेच चित्र येतं. पुसून गेलेलं अक्षर चष्म्याचा नंबर वाढवून वाचता येत नाही.

या यंत्राला माझा विरोध मुळीच नाही. उलट ते आमच्याकडे आधी यावं असं मला मनापासून वाटतं. ४० पट भिंगाला स्कॅन केलं की चित्रातला एक ठिपका साधारण पाव मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). म्हणजे १५ मिलीमीटर लांब-रुंद तुकड्याच्या चित्रात ३६० कोटी ठिपके. एवढं चित्र संगणक एका घासात घेत नाही. त्याचे लहान लहान चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन तपासतो आणि संशयाची जागा रंगवून दाखवतो. दिवसभर स्लाइड पाहून डोळे शिणलेल्या डॉक्टरांना याचा केवढा आधार होईल, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलेलं आहे. पेशी मोजण्याच्या कामात तर यंत्र थकतच नाही. शिवाय अवघड स्लाइडचं चित्र नागपूर-मुंबईच्या तज्ज्ञांना त्याच दिवशी दिसू शकतं. आज तीच स्लाइड आणि तोच ब्लॉक पिशवीत घालून रुग्णाचा मुलगा रेल्वेत बसतो.

पण यंत्र शिकतं ते त्याला दाखवलेल्या स्लाइडवरून. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं सप्टेंबर २०२१ मध्ये अशा एका प्रणालीला परवानगी दिली, ती पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या बायॉप्सीसाठी आणि डॉक्टरांच्या जोडीला म्हणून. आमचं दुखणं तोंडात आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा पन्नीत घोटून चौकाचौकात मिळतो. त्यानं आवळलेल्या गालाच्या स्लाइड यंत्राला भरपूर दाखवायला हव्यात.

आणि स्लाइडही जागोजागी वेगळी बनते. मे महिन्यात मेणाचा ब्लॉक मऊ पडतो. बर्फावर गार केल्याशिवाय मायक्रोटोम या कापयंत्रावर तीन-चार मायक्रॉनची फीत सरळ निघत नाही, चुरगळते, पात्याला चिकटते. वीज गेली की बर्फ नाही, आणि त्या दिवशीचे सेक्शन, म्हणजे हे काप, जाड येतात, घड्या पडतात. जाड सेक्शन केंद्रकांना रंगवणारं हिमॅटॉक्सिलिन जास्त पितो आणि साधी केंद्रकंही काळीभोर दिसू लागतात. अनुभवी डॉक्टर पाहताक्षणी म्हणतात, "हे कापणं बिघडलंय, दुसरं काढा." स्वच्छ स्लाइडवरच शिकलेलं यंत्र त्या काळोखीलाच रोग समजण्याची भीती आहे. म्हणून कोणतीही प्रणाली विकत घेण्याआधी ती आमच्या इथल्या, उन्हाळ्यातल्या, बऱ्या-वाईट स्लाइडवर तपासून पाहावी आणि ती कुठं चुकली हे जाहीर करावं.

मात्र त्याच्याही आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि दातांच्या प्रत्येक ओपीडीत फॉर्मलिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बरण्या तयार ठेवा. एक भाग बाजारातलं फॉर्मलिन, नऊ भाग पाणी आणि मोजून क्षार, की झालं बफर घातलेलं दहा टक्क्यांचं द्रावण. तुकड्याच्या दहापट तरी ते असावं. नाव बरणीच्या अंगावर लिहावं. झाकणावर लिहिलं की झाकणं बदलतात आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जातो. तुकडा किती वाजता काढला तेही लिहावं. बरणी रुग्णाच्या खिशातून पाठवू नये, थुंकीचे नमुने नेणाऱ्या गाडीतून ती सहज जाईल. स्कॅनरच्या मानानं याला खर्च किती येणार? तरी मागणीपत्रात फॉर्मलिन नेहमी शेवटच्या ओळीला असतं, आणि संपलं तर कुणाची झोप उडत नाही.

माझ्या साडूंचं ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग गेला. आता ते पेज आणि वरणाचं पाणी घेतात, बोलणं घरच्यांनाच कळतं.

बरण्या कशा भरायच्या, तुकडा कसा टाकायचा, कागद कसा लिहायचा, हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो. घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, केळापूर भागातल्या कोणत्याही रुग्णालयानं बोलावलं तर मी स्वतःच्या खर्चानं एसटीनं यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. घाटंजी, जि. यवतमाळ