तुझ्या अण्णांचं फूल, माझी फुली

स्विंडन, इंग्लंड
रविवार, २९ जून २०२५

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

आईचा फोन आला होता. तू पेडण्याहून मुद्दाम वाट वाकडी करून बांद्याला गेलास, तिच्या प्रेशरच्या गोळ्या आणून दिल्यास आणि न्हाणीघराच्या दाराची कडी बसवून दिलीस, हे तिनं तीनदा सांगितलं. आभार मानले तर शिव्या घालशील, म्हणून मानत नाही.

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "ब्रेक्झिटच्या मतदानाला नऊ वर्षं झाली म्हणे. पस्तावा होतो का रे तुम्हा लोकांना?" मी "होतो की बऱ्याच जणांना" असं काहीतरी बोललो आणि विषय पावसाकडे नेला. तू सहज विचारलं होतंस, पण तो प्रश्न थेट मलाच येऊन लागला. वैशाली सोडून हे कोणालाच माहीत नाही. दिगू, ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं याच्या त्या मतदानात मी 'बाहेर पडा'ला मत दिलं होतं.

माझा पासपोर्ट तर भारताचा, मग मला मत कसं, असं तुला वाटेल. इथला नियम असा आहे की राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक कायदेशीर राहत असतील तर त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत असतं, आणि २०१६ च्या सार्वमतालाही तोच नियम धरला होता. म्हणजे २००७ साली आलेला मी, बांद्याचा, मतदार. आणि आमच्या शेजारची फिलोमिना माझ्याआधी तीन वर्षं आलेली, तिला मत नाही, कारण तिचा पासपोर्ट पोर्तुगालचा. युरोपियन युनियनच्या नागरिकांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांना मत होतं. ज्यांचं इथलं बिऱ्हाड पणाला लागलं होतं, त्यांनीच नुसतं बघत बसायचं होतं.

फिलोमिना म्हापशाकडची. १९६१ च्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, हे गोंयकाराला मी काय सांगायचं! त्या पासपोर्टवर आलेले गोंयकार स्विंडनमध्ये इतके आहेत की शनिवारी बाजारात कोंकणी कानावर पडली नाही तर चुकल्यासारखं होतं. फिलोमिना गोदामात रात्रपाळी करते. २०११ साली तिनं आपल्या आईला आणलं. म्हातारीचा जन्मच पोर्तुगीज अमलातला, त्यामुळे तिचेही कागद झाले, विमानाचं तिकीट काढलं आणि ती आली. एवढं सोपं.

आता माझ्या आईचं ऐक. बाबा २०१४ च्या श्रावणात गेले ते तुला आठवतंय, खांदा द्यायला तूच होतास. त्यानंतर मी आईला इकडे आणायचा अर्ज केला. २०१२ च्या जुलैपासून इथल्या सरकारनं आईवडिलांना आणायचा नियम असा आवळला होता की म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणं यासाठीसुद्धा दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि तो हात मायदेशात पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करायला हवं. आई तेव्हा सत्तरीची, चालतीबोलती. अर्ज नामंजूर झाला. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी अंथरुणाला खिळले असते तर बोलावलं असतं?" मला उत्तर सुचलं नाही.

माझी आई आणि फिलोमिनाची आई जवळपास एकाच वयाच्या. दोघींनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कधीतरी शेजारी उभ्या राहून मिरच्या निवडल्या असतील. मधे फक्त पत्रादेवीचा नाका. फिलोमिनाची आई इथे खिडकीत बसून माळ जपायची आणि मला रोज कामावर जाताना ती दिसायची. सांगायला लाज वाटते, पण मला तिचा राग यायचा. त्या बिचारीनं माझं काय केलं होतं?

सार्वमताच्या वर्षी 'बाहेर पडा'चा प्रचार करणाऱ्यांनी नेमकं हेच बोट धरलं. प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या. युरोपातल्यांना मोकळं दार आणि भारतीय उपखंडातल्यांना कडक नियम हा अन्याय आहे, बाहेर पडलो तर सगळ्यांना एकच माप लावू, असं त्या बोलत होत्या. आठवड्याला ३५ कोटी पाऊंड युरोपला जातात, ते दवाखान्यांना देऊ असं लिहिलेली लाल बस गावोगाव फिरत होती. त्या आकड्याला मी भुललो नाही. 'एकच माप' या शब्दांना मात्र भुललो. भुललो तरी कसं म्हणू? मला ते खरंच न्याय्य वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

२३ जून २०१६, गुरुवार. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर गेलो. चर्चच्या मागचा हॉल, आत लाकडी आडोसे, दोरीनं बांधलेली पेन्सिल. बोटाला शाई नाही, यंत्र नाही, नुसता कागद. त्यावर दोन ओळी. राहायचं की सोडायचं. दुसऱ्या ओळीसमोरच्या चौकोनात फुली मारताना माझ्या डोळ्यांसमोर युरोप नव्हता, ब्रिटनही नव्हतं. आमच्या घराची ओसरी होती आणि तिथे एकटी बसलेली आई होती.

पहाटे निकाल कळला. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, अंतर १२ लाख ६९ हजार मतांचं. आमच्या स्विंडनमध्ये बाहेर पडा म्हणणारे ५४.७ टक्के. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाऊंड सकाळी पार घसरला, आणि ऑफिसातले आपले लोक घरी पैसे पाठवायचे कधी याचीच चर्चा करत होते. त्या सकाळी मी घराबाहेर पडलो तर फिलोमिना रात्रपाळी करून परत येत होती, अंगात अजून ते पिवळं जॅकेट. मला बघून थांबली आणि म्हणाली, "सुहास, आमकां आतां परत धाडटले?" त्याच श्वासात तिनं विचारलं, "तुवें तरी मत दिलें मरे?" तिच्यासाठी कोणीतरी मत दिलं असेल, असं तिनं धरून चाललं होतं. मी म्हणालो, "दिलं." तेवढंच. ती आभार मानत "देव बरें करूं" म्हणाली आणि घरात गेली.

नऊ वर्षं झाली. ते "देव बरें करूं" माझ्या मानेवर बसलंय.

तू पस्ताव्याचं विचारलंस तर आकडे सांगतो, पण ते जपून वाचायला हवेत. यूगव्ह नावाची संस्था हा प्रश्न सतत विचारत असते. या जानेवारीत ५५ टक्के लोकांनी बाहेर पडणं चूक म्हटलं आणि ३० टक्क्यांनी बरोबर. वर्तमानपत्रं लगेच लिहितात, ब्रिटनला पश्चात्ताप झाला. पण ज्यांनी तेव्हा बाहेर पडायला मत दिलं तेवढेच वेगळे काढले, तर चूक म्हणणारा पाचात जेमतेम एक सापडतो. बाकीचे अजून तिथेच आहेत. मग देशाचं पारडं कशानं फिरलं? तेव्हा म्हाताऱ्यांचा कल बाहेर पडण्याकडे होता, तरुणांचा राहण्याकडे. त्यातले कित्येक म्हातारे आता नाहीत, आणि तेव्हा नऊ वर्षांची असलेली पोरं आज मतदार झालीत. शिवाय १०० पैकी २८ जणांनी तेव्हा मत दिलंच नव्हतं, त्यांच्यातही चूक म्हणणारेच जास्त. याला पस्तावा कसा म्हणणार? माणसं बदलली नाहीत रे, यादी बदलली.

आमच्या ऑफिसात ब्रायन म्हणून आहे, साठीचा. त्यानंही माझ्यासारखीच फुली मारली होती आणि तो ते कधी लपवत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, कायदे आमच्या संसदेनं करावेत यासाठी मत दिलं, खिसा थोडा हलका होणार हे मला माहीत होतं. पुढच्या सरकारांनी सगळा विचका केला म्हणतो, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच मत देईन म्हणतो. मला हा माणूस आवडतो. फसवला गेलेला म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्या पलीकडे बसणारी मुलगी त्या दिवशी मत द्यायलाच गेली नव्हती, राहायचंच ठरणार असं गृहीत धरून. खरा पस्तावा बघायचा तर तिच्या तोंडावर बघ.

आणि ब्रायनचा शेजारी. त्याला माणसं कमी यायला हवी होती. मला माझं एक माणूस यायला हवं होतं. त्याला दार लावून घ्यायचं होतं, मला ते किलकिलं करायचं होतं, आणि आम्ही दोघांनी एकाच चौकोनात फुली मारली. मोजणाऱ्यांनी ती एकाच गठ्ठ्यात बांधली. १ कोटी ७४ लाख मतं. त्यात किती वेगवेगळ्या मागण्या असतील, कोण जाणे. गठ्ठा जिंकला, पण त्यातला कोणाचा प्रश्न सुटला? २०२१ पासून नवे नियम आले, युरोपचं मोकळं दार बंद झालं आणि इतर देशांतून माणसं आली, त्यात आपले भारतीय विद्यार्थी आणि कामगार सगळ्यांत पुढे. २०२३ च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात येणाऱ्यांतून जाणारे वजा केले तरी ९ लाखांवर वाढ झाली. ब्रायनच्या शेजाऱ्यानं कपाळाला हात लावला. आणि माझा नियम, आईवडिलांचा? तो आहे तिथेच आहे. 'एकच माप' आलं खरं, फक्त ते असं आलं की आता युरोपातून नव्यानं येणाऱ्यांनाही आपली आई आणता येत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं गेलं, माझ्या ताटात काही पडलं नाही. मी मागितलं होतं ते हे नव्हतं. पण मत देताना मी दुसऱ्याच्या ताटाकडेच बघत होतो, हे मला आता कबूल करायला हवं.

फिलोमिनाला परत पाठवलं नाही. तिचे कागद झाले, कायमचं राहायची परवानगी मिळाली. म्हातारीचा अर्ज भरायला तिनं मलाच बसवलं. फोनवर म्हातारीच्या चेहऱ्याचा फोटो काही केल्या जुळेना. आम्ही तिला खिडकीशी बसवून, डोक्यावरचं फडकं काढून, पाच-सहा वेळा फोटो काढला. ती निमूट सगळं करत होती. मधेच तिनं विचारलं, "हें कित्याक, बाबा?" हे कशासाठी, हे मी तिला काय सांगणार होतो? फिलोमिनाचा भाचा मात्र अडकला. एजंटला पैसे भरून, वर्षं घालवून पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला तो २०२१ साली, आणि तोवर इकडचं दार लागलं होतं. आता तो म्हापशाला एका दुकानात आहे.

तर तू विचारलंस त्याचं माझं उत्तर असं. आईला आणता यायला हवं होतं, याचा पस्तावा नाही. तो राग खराच होता. पस्तावा याचा, की तो राग ज्या कागदावर लिहायचा तो हा कागद नव्हता. खासदाराला पत्र, अपील, मोर्चा, काहीही चाललं असतं. मी तो रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या नावावर लिहून आलो, आणि तिच्यापुढे तर तो कागदच ठेवला नव्हता.

आता मला तुला एक विचारायचंय. तुझ्या अण्णांनी १६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या जनमत कौलात फुलाला मत दिलं होतं, हे ते आपण लहान असताना ओसरीवर बसून सांगायचे. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. त्यांना कधी वाटलं का रे, की बरं झालं आपण हरलो? की अजूनही वाटतं फूलच बरोबर होतं? हरलेल्या बाजूचे नेते, आधीचे मुख्यमंत्री बांदोडकर, त्यांनाच लोकांनी मार्चमध्ये पुन्हा निवडून दिलं, म्हणजे गोव्यानं त्या एका दिवसावरून एकमेकांशी कायमचं वैर धरलं नाही असं मला लांबून वाटतं. तुमच्याकडे आतून तसं होतं का? अण्णा आता ऐंशीच्या पुढे असतील. त्यांना नीट बसून विचार, घाईत नको, आणि ते म्हणतील तसंच्या तसं मला लिहून कळव. त्यांच्या शेजारी पानांना मत दिलेलं जे घर होतं, त्यांच्याशी बोलणं कधी आणि कसं सुरू झालं, हेही विचार. मला ते जास्त हवंय.

कारण मला फिलोमिनाला सांगायचंय. नऊ वर्षं रोज ठरवतो आणि रोज टाळतो. वैशाली म्हणते, आता सांगून कोणाचं भलं होणार, तुझंच ओझं तिच्या डोक्यावर ठेवशील. ती चुकीचं बोलत नाही. पण तिच्या मनातलं ते "देव बरें करूं" मी फुकट खातोय, आणि ते पचत नाही.

आज सांव पेद्रूचं, म्हणजे सेंट पीटरचं फेस्त. सकाळी फिलोमिनानं स्टीलच्या डब्यातून सान्नां पाठवली, अजून ऊन होती. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून वैशालीनं आत्ताच त्यात रव्याचे लाडू भरलेत. नेहमी तीच नेऊन देते. आज मी म्हणालो, ठेव, मी नेतो.

आईला सांग, दिवाळीला येतोय, तिकीट काढलंय. अण्णांना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास