त्याला ‘बिचारा’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला माझ्या मुलाचा विषय निघाला. तो आणि सून चार वर्षं जर्मनीत म्युनिकला असतात. २०२५चा जून-जुलै मी त्यांच्याकडेच होते. तो घरी पोळ्या लाटतो, हे मी कौतुकानं सांगितलं, तर एक बाई हळहळल्या, ‘‘अगंबाई, बिचारा!’’ दोघी-तिघींनी माना डोलावल्या. तो शब्द अजून टोचतोय, म्हणून हे पत्र.

तिथे दोघंही सकाळी साडेसातला घर सोडतात. पोळ्या करायला बाई नाही, कोपऱ्यावर वडापावची गाडी नाही. कायद्यानं रविवारी दुकानं बंद, त्यामुळे भाजी शनिवारीच भरून ठेवायची. शेगडी काचेची, विजेवरची. जाळ नाही, मग फुलका फुगणार कसा? मुलगा तव्यावरच सुती फडक्याच्या बोळ्यानं पोळी कडेकडेनं दाबत जातो आणि ती टम्म फुगते. पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून बघतच राहिले. चक्क्याऐवजी तिथलं क्वार्क, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, रात्रभर टांगून श्रीखंडही केलं त्यानं.

भारतातून युरोपात दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून मी तूप न घेताच गेले होते. मनाला रुखरुख होती. जाऊन बघते तर बरणी भरलेली! बिनमिठाच्या लोण्याची अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटं तो सावकाश कढवत ठेवतो आणि कान देऊन उभा राहतो. ‘‘आई, तडतड थांबली की लगेच उतरवायचं.’’ हे मी त्याला शिकवलेलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची मुलं शिकवली, लेकीला दहाव्या वर्षी कुकर लावायला शिकवलं आणि मुलाला मात्र वाढलेल्या ताटावर हाक मारली. म्युनिकच्या पहिल्या वर्षी सगळं सुनेवर पडलं, त्यावरून दोघांचे खटके उडाले. मला ते आत्ता कळलं. याची मला फार खंत आहे.

आता शनिवारी रात्री सून धपाटे थापते, तो भाजतो आणि रविवारी डबा घेऊन दोघं बाहेर पडतात. आल्टे पिनाकोथेक हे मोठं चित्रसंग्रहालय रविवारी एका युरोत बघता येतं. एकदा आम्ही दोन तास ट्रेननं फ्युसेनला गेलो. तिथून जवळच डोंगरावर नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा आहे. लुडविग दुसरा या राजानं तो १८६९मध्ये बांधायला घेतला; १८८६मध्ये राजा गेला तेव्हाही अपुराच होता. त्याच जुलैत युनेस्कोच्या एकाच बैठकीत लुडविगचे राजवाडे आणि आपले रायगड-राजगडापासून जिंजीपर्यंतचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. कोण आनंद झाला! राजवाड्याखालच्या बाकावर बसून आम्ही धपाटे आणि लसणाची चटणी खाल्ली. घरी आल्यावर एकानं खिचडी टाकली, एकीनं डबे घासले.

माझ्या संसारात घारापुरीला जायचं म्हणजे मी पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या. लाँचमध्येच डोळे मिटायचे, पायऱ्या चढून लेण्यात पोचले की पोरांना खायला काढायचं, पुन्हा डबे भरायचे. तिथली त्रिमूर्ती मी डोळे भरून पाहिली ती निवृत्तीनंतर. माझ्या सुनेनं त्या राजवाड्याची खिडकीन्‌खिडकी निवांत बघितली.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतल्या पाककृती मी कापून ठेवते. पण ‘चवीपुरतं मीठ’, ‘नेहमीसारखी कणीक’ वाचून बावीस वर्षांच्या मुलाला काय कळणार? घराबाहेर पडणाऱ्या मुलांसाठी एक छोटं सदर सुरू करा. वाटीभर तांदळाला पाणी किती, मोहरी तडतडल्यावर हिंग-हळद कधी घालायची, डाळ शिजली हे कसं ओळखायचं, इथपासून. मी लिहून द्यायला तयार आहे. आमच्या इमारतीतली दोन मुलं दर शनिवारी माझ्याकडे कणीक मळायला येऊ लागली आहेत. पहिल्या शनिवारी परातीत नुसता चिखल झाला होता. काल एकाचा गोळा हाताला चिकटला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दादर, मुंबई